कंबर कुणाच्या खात्यात?

शहरात सध्या प्रत्येकाचं काही ना काही धरलेलं आहे. कुणाची मान, कुणाची पाठ, बहुतेकांची कंबर. पूर्वी हे दुखणं साठीनंतर यायचं. आता पंचविशीतली पोरगी मीटिंगमधून उठताना 'आई गं' करते आणि शेजारचा बत्तिशीतला टीम लीडर अनुभवी आवाजात सांगतो, "मणक्यात गॅप आला असेल. मलापण आहे." हा 'गॅप' आपल्याकडचा नंबर वन हिट शब्द! तपासणी नाही, एक्स-रे नाही, तरी गॅप हा असतोच. गॅप नसेल तर गादी सरकलेली असते, गादी जागेवर असेल तर शीर दबलेली असते.

आजीच्या काळी अशा वेळी पायाळू माणूस शोधायचे. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जन्मताना जो पायांकडून येतो तो पायाळू. त्याने लचकलेल्या कमरेला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. आमच्या आळीत असा एक मुलगा होता. त्याला घरोघरी बोलावणं यायचं आणि मोबदल्यात बेसनाचे लाडू मिळायचे. सॉलिड मजेत असायचा तो.) आता पायाळूची जागा रीलने घेतली आहे. रीलमध्ये एक धट्टाकट्टा माणूस पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर दोन हात ठेवतो, एक झटका देतो, कडकट्ट! झोपलेला माणूस आधी दचकतो, मग हसतो, कधी कधी रडतोही. खाली हजार लोक विचारतात, 'दादा, क्लिनिक कुठे आहे?'

या प्रकाराचं नाव कायरोप्रॅक्टिक. आणि गेल्या दोन महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : आपल्या भागात असा कुणी आहे का, जो सरकारी विमा घेतो?

पहिल्यांदा विचारला तो माझ्या रूममेटने. ती एका कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट करते. पगार साडेएकोणीस हजार. त्यातून घरभाडं, डबा, गावी आईला पैसे. कमरेने तिला असं धरलं होतं की, चपलेचा पट्टा लावायलाही ती कॉटवर आडवी पडायची. सुट्ट्या संपल्या होत्या. आणखी तीन दिवस दांडी झाली असती तर त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला असता, आणि हा इन्सेंटिव्ह म्हणजेच तिचा भाड्याचा वाटा. तिने रील पाहिलं होतं, सॅलरी स्लिपवर 'ईएसआय' नावाची कपात पाहिली होती आणि दोन्हींची सांगड घातली होती. तर्क अगदी बिनचूक. विम्याचे पैसे कापतात ना? मग विम्याने कंबर सरळ करून द्यावी!

मी फोन घेऊन बसले. शहरातल्या पाच ठिकाणी विचारलं. पहिल्या रिसेप्शनिस्टला वाटलं मी विमा विकायला फोन केलाय. दुसरी म्हणाली, "बिल देऊ मॅडम, क्लेमचं तुमचं तुम्ही बघा." तिसरीने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. बारा सेशन्सचं पॅकेज घेतलं तर किती सूट आहे, ते सांगायला लागली. मी विचारलं, "पेशंटला न बघता बारा कसे ठरले?" त्यावर "सर ठरवतात." सर त्या दिवशी गावाला गेले होते. चौथ्या ठिकाणी कुणी फोन उचलला नाही. पाचव्या ठिकाणी स्वतः कायरोप्रॅक्टर भेटले. परदेशात शिकून आलेले, बोलायला सज्जन. त्यांनी सरळ सांगितलं, "सरकारी विमा? भारतात? तुम्हाला कुठेच मिळणार नाही." आणि मग कारणंही सांगितली. ती ऐकून मी थोडं खोदकाम केलं. निघालं ते असं.

आपल्याकडे डॉक्टरांना परिषद आहे, डेंटिस्टना आहे, आयुर्वेद आणि होमिओपॅथीवाल्यांना आहे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी २००२ मध्ये कायदा झाला, आणि केंद्राच्या २०२१ च्या कायद्यातही फिजिओथेरपी आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी अशी वेगळी वैधानिक परिषद नाही. आयुषच्या यादीतही ते बसत नाही. त्यामुळे बोर्डावर 'कायरोप्रॅक्टर' लिहिणारा माणूस परदेशातला चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला असू शकतो, फिजिओथेरपी शिकून वर झटक्यांचं प्रशिक्षण घेतलेला असू शकतो, नाहीतर वीकेंडचा कोर्स केलेला जिम ट्रेनरही. पाटीवरून कळायला मार्ग नाही. विमा कंपन्यांच्या नियमांत 'डॉक्टर' म्हणजे ज्याची अधिकृत परिषदेत नोंदणी आहे तो. शिवाय नेहमीच्या हेल्थ पॉलिसीत निदान चोवीस तास अ‍ॅडमिट व्हावं लागतं. कडकट्ट तर अर्ध्या तासात उरकतं! सरकारी योजनांचंही तेच. रुग्णालय आधी योजनेच्या यादीत यावं लागतं, आणि ज्याची नोंदणीच नाही तो यादीत येणार कसा?

मग ज्या देशांत हे चालतं तिथे तरी कसं चालतं? आमच्या घरात याचं जिवंत उदाहरण आहे. माझी मावशी न्यू जर्सीत असते. वय सदुसष्ट, बरीच वर्षं तिकडे नोकरी केलेली, त्यामुळे तिला मेडिकेअर आहे. म्हणजे पासष्टीच्या वरच्यांचा तिकडचा सरकारी विमा. महिन्यातून एकदा तरी तिचा फोन 'आत्ताच कायरोप्रॅक्टरकडून आले गं' असा सुरू होतो. मला वाटायचं, काय मजा आहे या लोकांची! तिला खोलात विचारलं तेव्हा कळलं की मजेला बारीक अक्षरात अटी आहेत. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरच्या एकाच गोष्टीचे पैसे देतं : मणका जागेवरून हलल्याचं निदान असेल तर हाताने केलेली पाठीच्या कण्याची दुरुस्ती. बस्स. त्याने काढायला सांगितलेला एक्स-रे? नाही. मसाज? नाही. 'बरं वाटतंय, पण महिन्यातून एकदा येत जा' या धर्तीच्या भेटी? त्याही नाहीत. जे मंजूर होतं, त्यातलेही वर्षाच्या सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरल्यानंतर वीस टक्के आपल्याच खिशातून. महिन्याच्या भेटीचं मी तिला विचारलं. "ती माझ्या पैशांनी, हौस म्हणून," ती म्हणाली. क्लिनिक शोधताना तिकडे एकच प्रश्न विचारायचा असतो, म्हणे. 'मेडिकेअर घेता का' एवढं विचारून भागत नाही, 'असाइनमेंट घेता का' असं विचारायचं. म्हणजे सरकारने ठरवलेला दर तुम्हाला पूर्ण मान्य आहे का, की वर काही लावणार? हा प्रश्न आपल्याकडच्या कॅशलेसवाल्यांनाही विचारून पाहा, चेहरे बघण्यासारखे होतात.

कमी उत्पन्नवाल्यांसाठी तिकडे मेडिकेड आहे, पण त्याचे नियम राज्यागणिक बदलतात. मोठ्या माणसांची पाठ एका राज्यात सरकारच्या खात्यात, शेजारच्या राज्यात स्वतःच्या. आणि एकदा मिळालेलं कायम राहील असंही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा सरकारी विमा कायरोप्रॅक्टिकला पैसे द्यायचा, १ डिसेंबर २००४ पासून ते बंद झालं. टोरांटोतली मराठी मंडळी तेव्हापासून कंपनीच्या इन्शुरन्सवर नाहीतर खिशावर.

या विद्येचा जन्मही भन्नाट आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातलं डेव्हनपोर्ट शहर, साल १८९५. डी. डी. पामर नावाचे गृहस्थ 'मॅग्नेटिक हीलिंग'ने रोग बरे करायचा व्यवसाय करत. त्यांच्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वे लिलार्ड यांना कमी ऐकू यायचं. पामर यांनी त्यांच्या पाठीतला एक मणका दाबून 'जागेवर' बसवला आणि लिलार्ड यांना ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा. तिथून सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात, असा सिद्धांत निघाला. डॉक्टरमंडळी अर्थातच खवळली. लायसन्स देणारं शेवटचं अमेरिकन राज्य लुइझियाना, तेही १९७४ मध्ये. मेडिकेअरमध्ये शिरकाव १९७२ च्या कायद्याने. तिकडच्या डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने कायरोप्रॅक्टर्सवर बहिष्कार टाकला होता. त्यावर १९७६ मध्ये खटला गुदरला गेला आणि १९८७ मध्ये कोर्टाने निकाल संघटनेच्या विरोधात दिला. थोडक्यात काय, तिकडे विम्याच्या यादीत नाव यायला या लोकांना ऐंशी वर्षं भांडावं लागलं. आपल्याकडे ते भांडण अजून सुरूही झालेलं नाही, फक्त रील सुरू झाली आहेत.

आता लाखमोलाचा सवाल : हे सगळं उपयोगी आहे का? बहिरेपणाचं सोडा. कमरेपुरतं बोलायचं तर थोडंफार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सांगितलं की कंबरदुखीत आधी गोळ्यांवाचूनचे उपाय करा. शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर आणि कण्याला दिलेला हा झटका, सगळे त्या यादीत आहेत. पुरावा मात्र फार भक्कम नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, हाताचे उपचार करा, पण व्यायामाच्या जोडीनेच. नुसता झटका नको. आणि तो 'कडकट्ट' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा पुरावा वगैरे अजिबात नाही. सांध्याच्या द्रवात अचानक पोकळी तयार होते, तेव्हा तो येतो. बोटं मोडतानाचं हे दृश्य २०१५ मध्ये एमआरआय मशीनमध्ये टिपलं गेलंय. मानेचा झटका ही मात्र वेगळी गोष्ट. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विरळा आहेत, पण आहेत. त्यामुळे मान कुणाच्या हातात देताय ते बघून द्या, एवढं मी हट्टाने म्हणेन.

आणि जागतिक आरोग्य संघटना? तिने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी शिफारशी काढल्या. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा त्यांचा आकडा. म्हणजे आपण एकटे नाही! करण्यासारख्या गोष्टींत दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, काही जणांसाठी मसाज आणि हाताने केलेले उपचार. न करण्यासारख्यांत कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन. हे वाचून मी उडालेच. कारण आपल्याकडच्या प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक कंबरपट्टा असतो आणि 'वजनं लावायला सांगितलीत' म्हणणारा एक काका असतो. दोन्ही बाद!

तर मुद्दा असा की, कमरेला ज्याची गरज आहे ते म्हणजे नीट तपासणारा हात, व्यायाम शिकवणारा माणूस आणि थोडी रजा. आणि या तिन्हींचे पैसे रूममेट आधीच भरत होती.

आपल्यातल्या बहुतेकांना ईएसआय म्हणजे गिरणी कामगारांचं काहीतरी, असं वाटतं. नावच तसं, कामगार राज्य विमा. प्रा. बी. पी. आदरकर यांनी १९४४ मध्ये या योजनेचा अहवाल दिला, १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलाय, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण गिरण्या गेल्या तशी योजना गेलेली नाही. मॉलमधला सेल्समन, हॉटेलातला शेफचा असिस्टंट, कॉल सेंटरमधली नाइट शिफ्ट हे आजचे विमाधारक. १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये झाली. १ जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. रूममेटच्या पगाराचा हिशेब केला तर तिचे महिन्याला १४७ रुपये, कंपनीचे ६३४. दोन पिझ्झांच्या किमतीत ओपीडी, औषधं, तपासण्या, अ‍ॅडमिट होणं, ऑपरेशन सगळं, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आईलासुद्धा. आपल्या फॅन्सी कॉर्पोरेट पॉलिसीत साध्या ओपीडीचे पैसे मिळतात का, ते एकदा एचआरला विचारून बघा बरं.

(संहितेत पगाराची व्याख्या बदलली आहे. भत्ते अर्ध्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग पगारात धरतात. त्यामुळे ज्यांचं बेसिक कमी आणि भत्ते ढीगभर, त्यांनी आपण मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारून घ्यावं.)

आता खरी गंमत. कार्ड होतं, ऑनलाइन. दहा आकडी नंबर होता. पण नोंदणी करताना कंपनीने तिच्यासाठी निवडलेला दवाखाना होता ठाण्यात! कारण हेड ऑफिस तिकडे. पुण्यात राहणाऱ्या मुलीने सर्दी झाली की इंद्रायणी पकडून ठाण्याला जायचं, असा बहुधा विचार असावा. एचआरमधल्या मुलीला तीन मेल केले. चौथ्या दिवशी बदल झाला. हे सगळ्यांनी आजच तपासा. कंबर ठीक असताना तपासा, कारण दुखत असताना एचआरशी भांडणं फार जड जातं.

दवाखाना म्हणाल तर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. भिंतीला पोपटी ऑइलपेंट. केसपेपरची खिडकी, तिच्यासमोर रांग, रांगेत युनिफॉर्ममधले सिक्युरिटी गार्ड, एक बाळंतीण, दोन डिलिव्हरीवाले. मी रूममेटबरोबर गेले होते. दीड तास उभ्या होतो. खिडकीतल्या बाईंनी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आणि झेरॉक्सवाला समोरच होता, हे मी या व्यवस्थेचं नशीब समजते.

पण डॉक्टरबाई भेटल्या झकास. त्यांनी आधी प्रश्न विचारले. पाय सुन्न पडतो का? लघवीवरचा ताबा जातो का? मांड्यांमधल्या जागेला बधिरपणा? ताप? वजन उतरलंय? (यातलं काहीही असेल, तर मंडळी, कायरोप्रॅक्टर, फिजिओ, पायाळू सगळे बाजूला ठेवा आणि सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.) मग तिला टेबलावर झोपवून एक एक पाय सरळ वर उचलून बघितला. रूममेटने घाबरत विचारलं, "एमआरआय?" बाई म्हणाल्या, "कशाला? फोटो काढून काय फ्रेम करायचाय?" मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. धोक्याची लक्षणं नसताना एमआरआय काढला की निरोगी माणसाच्या मणक्यांतही काही ना काही दिसतंच. आणि मग तो प्रसिद्ध गॅप जन्माला येतो.

पाच दिवसांच्या गोळ्या, योजनेच्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाकडे चिठ्ठी आणि आठ दिवसांच्या विश्रांतीचं सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद नव्हे. आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर योजनेतून आजारपणाचे पैसे मिळतात, पगाराच्या सत्तर टक्के, वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस कोरडे जातात. म्हणजे आठातल्या सहा दिवसांचे पैसे तिच्या खात्यात येणार होते. हे तिच्या ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं. तिच्या टीम लीडरला तर नाहीच. तो बिचारा स्वतःही कामगार विम्यात येतो, हे त्याला तिने सांगितलं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी आमच्याच वयाची. तिने पहिलं काय केलं असेल तर ऑनलाइन मागवलेला आठशे रुपयांचा कंबरपट्टा काढायला लावला. दुसरं, चालायला सांगितलं. रोज वीस मिनिटं, दुखलं तरी. मग चार साधे व्यायाम. मांजरीसारखी पाठ वर-खाली, पालथं पडून कोपरांवर उठणं, कंबर उचलून पूल करणं, असले. कडकट्ट काही झालं नाही. रूममेट जरा हिरमुसलीच! पैसे मात्र शून्य.

सगळं गोडगोड आहे असं नाही. विभाग सकाळीच चालू असतो. ज्याची शिफ्ट नऊ ते सहा आहे त्याने आठवड्यातून दोनदा अर्धी रजा टाकायची का? मशीन एक, माणसं वीस. एकदा गेल्यावर कळलं की थेरपिस्ट रजेवर. रेफरची चिठ्ठी ठरावीक दिवसांपुरती, नंतर परत मूळ दवाखान्यात जाऊन नवी. ही योजना कारखान्याचा भोंगा डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली आणि अजूनही तिच्या घड्याळात संध्याकाळ नाही. नाइट शिफ्टवाल्या रूममेटला हे उलट सोयीचं पडलं. ती सकाळी कॅबमधून परस्पर तिकडेच उतरायची, कोपऱ्यावर इडली खायची आणि पहिला नंबर लावायची. पण दिवसपाळीवाल्यांनी काय करावं? संध्याकाळी दोन तास विभाग उघडा ठेवला तर निम्मे लोक पॅकेजवाल्यांच्या तावडीतून सुटतील. कुणीतरी हे वर कळवा रे.

सहाव्या आठवड्यात रूममेट आख्खा तीन तासांचा सिनेमा बसून बघून आली. आता हे व्यायामाने झालं की आपोआप, कुणी सांगावं? ताज्या कंबरदुखीची बहुतेक प्रकरणं काही आठवड्यांत आपणच निवळतात. कंबर दुखायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जो भेटतो तो देवमाणूस ठरतो, मग तो कायरोप्रॅक्टर असो की पायाळू. फरक इतकाच की बारा सेशन्सच्या पॅकेजचे पैसे तिने उसने काढले असते, आणि भाड्याचा वाटा मला मागे-पुढे करून घ्यावा लागला असता.

ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे किंवा माझ्यासारखे जे फ्रीलान्सर आहेत, त्यांच्यासाठी काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, पुढे आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती रेशन कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना खुली करायची आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच द्यायचं ठरलं. पण ती अ‍ॅडमिट होणाऱ्यांसाठी. मणक्याचं ऑपरेशन करायची वेळ आली तर कामाची, पाठ धरली म्हणून ओपीडीत गेलात तर नाही. आईवडील केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असतील तर त्यांच्या सीजीएचएसमध्ये फिजिओथेरपी बसते, तेवढं त्यांना सांगा. ते बहुतेक स्वतःच्या खिशातून पैसे देत असतील.

आणि विमा नसलेला, म्हणूनच कदाचित सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे सरकारी रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे केसपेपरचा आणि तपासण्यांचा हिशेब वेगळा, तरी खासगी पॅकेजच्या पासंगालाही पुरणार नाही इतकाच. मुंबईकरांकडे केईएम आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीनंतर देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय तिथेच उभं राहिलं. शिवाय हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ ची.

सकाळी लवकर जा, आधार आणि त्याच्या दोन झेरॉक्स बरोबर घ्या. बाकडी असतात, पण दुखऱ्या कमरेला बाकड्यापेक्षा व्हरांड्यात येरझाऱ्या बऱ्या. मागच्याला सांगून ठेवा, नंबर जात नाही.